फिरत्या उपग्रहाचा स्थिर झोत

जुन्नर तालुक्यातील आर्वी गावी 1972 साली विक्रम भूकेंद्र राष्ट्रास अर्पण झाले. त्याची प्रचंड थाळी हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली असे. विषुववृत्तावर सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवरचा असा उपग्रह पृथ्वीवरून अचल भासतो. प्रत्यक्षात मात्र त्या काळचे बहुतेक दळणवळण-उपग्रह स्वतःभोवती अखंड गरगरत असत.

हे गरगरणे निरर्थक नव्हे. भोवरा फिरतो तोवर आरीवर ताठ उभा राहतो, वेग सरला की कलंडतो; तोच न्याय येथे आहे. परंतु या स्थैर्याचे मोल द्यावे लागते. उपग्रहावर पक्का बसविलेला अँटेना त्याच्यासह फिरणार. त्याचा झोत अरुंद ठेवला, तर तो क्षणमात्र पृथ्वीवर पडून पुढे शून्यात भरकटेल. म्हणून 1963 मधील सिंकॉम-2 ने लहरी चोहोबाजूंस पसरविल्या. पण त्या उंचीवरून पृथ्वी जेमतेम साडेसतरा अंशांची दिसते. साहजिकच पुष्कळशी शक्ती वाया जाई.

इंटेलसॅट-3 मालिकेत अँटेनाच मोटरीने तितक्याच वेगाने उलट फिरविला. युक्ती नामी खरी. पण फिरत्या सांध्याला वंगण लागते, आणि अवकाशात ते घालावयास कोण जाणार? 1969 साली अटलांटिकवरील अशा एका उपग्रहाचा अँटेना अडकला आणि दळणवळण खंडित झाले.

काहीही न हलविता झोत वळविता येतो, हे 1966 मधील एटीएस-1 ने दाखविले होते. पुढे 1977 च्या मेटिओसॅट या युरोपीय हवामान-उपग्रहावर अँटेनाच्या 32 उभ्या ओळी सभोवार बसविल्या गेल्या. मांडवावरील दिव्यांच्या माळेत दिवे जागचे हलत नाहीत, उजेड तेवढा पळतो; तसेच हे. उपग्रह मिनिटास 100 फेरे घेई, आणि पृथ्वीसमोर येणाऱ्या ओळींनाच क्रमाने शक्ती मिळे. दर ओळीची पाळी सुमारे 19 सहस्रांश सेकंदांनी येई. उपग्रह जितका पुढे, तितका झोत मागे. म्हणून तो पृथ्वीवरच खिळून राही. पाळी बदलताना संदेशास हिसका बसू न देणे, हेच या रचनेतील खरे कसब होय.

याच मालिकेतील मेटिओसॅट-5 हा 1998 साली हिंदी महासागरावर आणला गेला, आणि मान्सूनचे ढग त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आले. आज बहुतेक दळणवळण-उपग्रहांचे शरीर फिरत नाही. आतील चाके त्यांना तोल देतात. झोत विद्युत्-संकेतांनी वळविण्याची विद्या मात्र कालबाह्य झालेली नाही.