नाक मोठं का दिसतं?

‘फोटोत माझं नाक फार मोठं येतं’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष ना नाकाचा असतो, ना लेन्सचा. तो अंतराचा असतो. सेल्फी घेताना फोन चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर असतो. तिथून नाकाचा शेंडा कानांपेक्षा बराच जवळ पडतो, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे दडतात. 2018 साली अमेरिकेत संशोधकांनी हे गणिताने तपासलं. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकपुड्यांपाशी नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. तेव्हा फोन दुसऱ्याच्या हाती द्या, त्याला पाच-सहा फूट मागे उभं करा आणि झूम 2एक्सवर ठेवा. पोर्ट्रेटला 85 मिलिमीटरचीच लेन्स हवी, हा समजही यातूनच आला. ती लावली की चेहरा चौकटीत बसवायला मागे सरकावंच लागतं. चेहरा सुधारतो तो त्या सरकण्याने.

भर दुपारचं ऊन फोटोला उत्तम, हेही खरं नाही. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. त्यापेक्षा व्हरांड्याची कड किंवा खिडकी बरी. माणसाला खिडकीशी थोडं तिरकं बसवा, ट्यूबलाइट बंद करा, बुबुळात खिडकीचा उजळ ठिपका दिसतोय ना ते पाहा. यासाठी स्टुडिओ लागत नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती 1863 साली, वयाच्या 48व्या वर्षी कॅमेरा आला. इंग्लंडमधल्या घरी कोंबड्यांसाठी बांधलेली काचेची खोली त्यांनी स्टुडिओ म्हणून वापरली. त्यांनी तिथे टिपलेले चेहरे आजही थांबवून ठेवतात.

सगळ्यांत त्रास देणारा समज म्हणजे सावळ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही, त्याला फ्लॅश हवाच. समोरून मारलेला फ्लॅश कपाळावर चकाकतो आणि चेहऱ्याची घडण सपाट करून टाकतो. खरी अडचण बहुधा मागच्या पांढऱ्या भिंतीची असते. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो, भिंत फार उजळ वाटली की फोटो गडद करतो, आणि चेहरा अंधारात जातो. भिंतीऐवजी गडद पडदा किंवा झाडी मागे घ्या. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनवर सूर्याचं चिन्ह येतं, ते गरजेपुरतंच वर सरकवा. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, सावळ्या त्वचेवर तो फार सुंदर उतरतो. आणि ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. तो न विचारता माणसाला गोरं करतो, आणि असा फोटो त्या माणसाचा राहत नाही.