झेंड्याचे कापड आणि उदगीरचे माग

राष्ट्रध्वजाच्या खादीचा विषय निघाला की पहिले नाव येते हुबळीचे. त्यामानाने नांदेडचे नाव महाराष्ट्रातही फारसे घेतले जात नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात ध्वजाचे कापड विणले जाते, रंगणीसाठी ते अहमदाबादला जाते आणि परतल्यावर नांदेडात त्यावर अशोकचक्र छापून ध्वज शिवले जातात. ज्या मुलखात हे काम चालते तो 1947 साली निजामाच्या अमलाखाली होता. तिथे तिरंगा फडकावणे हा गुन्हा होता आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना 15 ऑगस्टलाच अटक झाली होती. पुढे खादीचे हे काम उभे राहिले ते मुक्तिसंग्रामातल्याच कार्यकर्त्यांच्या प्रेरणेने. हा अभिमानाचा इतिहास नांदेडात आवर्जून सांगितला जातो, आणि तो सांगावाच. पण उदगीरचे माग अभिमानावर चालले नाहीत. ते एका नियमावर चालले.

तो नियम असा होता: ध्वज हातकताईच्या सुताचा आणि हातमागावर विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच हवा. 2002च्या ध्वजसंहितेतही हेच कलम होते. जोडीला भारतीय मानक क्रमांक 1. त्यात 6300 बाय 4200 मिलिमीटरपासून 150 बाय 100पर्यंत नऊ आकार, लांबी-रुंदीचे 3:2 प्रमाण, रंगाची छटा आणि पक्केपणा, सुताची संख्या, कापडाची ताकद असे सगळे ठरवून दिलेले. विणकराला हे जाचक वाटते, कारण ताण्यातली किंवा बाण्यातली चूक रंगणीत लपत नाही. पण याच काटेकोरपणामुळे त्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. खादीचा सदरा महाग वाटला तर माणूस शेजारच्या दुकानातून यंत्रमागाचा घेतो. झेंड्याला तशी पळवाट नव्हती. बाकीच्या खादीला सवलत आणि गांधी जयंतीची वाट पाहावी लागते, झेंड्याच्या खादीला मागणी नियमाने बांधलेली होती. 1972 साली सुरू झालेल्या राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीने शेतकऱ्याला जसा ठरलेला खरेदीदार दिला, तसाच हा.

30 डिसेंबर 2021 रोजी संहिता बदलली आणि यंत्रावर तयार झालेला, पॉलिएस्टरचा ध्वजही चालू लागला. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही जीएसटीची माफी मिळाली. याच्या बाजूने सांगितले जाते ते चुकीचे नाही: कोट्यवधी घरांवर काही दिवसांत झेंडा लावायचा तर हातमाग पुरणार नाही आणि खादीचा ध्वज गरिबाच्या खिशाला जड. शिवाय ध्वज फडकावणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच मान्य केले आहे. तो हक्क महाग का ठेवायचा? मान्य. पण घराला मुभा द्यायला कचेरीची सक्ती काढण्याची गरज नव्हती. घरचा झेंडा कोणत्याही कापडाचा आणि सरकारी इमारतीवरचा खादीचा, अशी विभागणी सहज करता आली असती. दुरुस्ती मात्र सरसकट झाली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खादी तरी शुद्ध कुठे उरली? पेळू यंत्रावर तयार होतात, रंगणी गिरणीत होते. कापूस संशोधन केंद्र आणि एनएचएच-44 वाणामुळे नांदेडचे नाव कापसाशी जोडलेले असले, तरी शेतातला कापूस गावातच कातून विणावा ही मूळ कल्पना केव्हाच मागे पडली. हे सगळे खरे असले तरी त्यावरून खादी निरर्थक ठरत नाही. खादीच्या किमतीचा मोठा भाग कताई आणि विणाई करणाऱ्यांच्या हातात जातो, आणि कताई मुख्यतः बायका करतात. पाऊस दगा देतो तेव्हा कामासाठी गाव सोडावे लागणाऱ्या या भागात बारमाही मजुरीची किंमत वेगळी आहे. तेच कापड यंत्र झटक्यात काढील, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. पण यंत्रावर वाचलेले ते तास उदगीरच्या विणकराला दुसरे कोणते काम मिळवून देणार आहेत?

आणि यावर उपाय करायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. दुरुस्त संहितेने पॉलिएस्टरला परवानगी दिली आहे, खादीला मनाई केलेली नाही. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत ध्वज वेळोवेळी बदलावेच लागतात. ही खरेदी खादीचीच होईल असा आदेश राज्य सरकार काढू शकते. तो काढताना मागणी ऑगस्ट आणि जानेवारीच्या तोंडावर न देता वर्षभर विभागून दिली, तर माग चालू ठेवायला अनुदानाची गरज बरीच कमी भासेल.