टेलिमार्क की अल्पाइन टूरिंग? : स्की-साधनांच्या निवडीचे विवेचन

प्रस्तावना

मुरुमसारख्या मराठवाड्यातील गावच्या विद्यार्थ्याला बर्फाच्छादित डोंगर प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. तथापि गिर्यारोहणाची आवड लागलेले महाराष्ट्रातील तरुण गुलमर्ग, औली येथील स्कीइंगच्या अभ्यासक्रमांना जातात आणि परतल्यावर स्वतःची साधने घेण्याचा विचार करू लागतात. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांना. साधने महाग असतात आणि चुकीच्या निवडीची किंमत प्रसंगी गुडघ्याला मोजावी लागते. म्हणून टेलिमार्क व अल्पाइन टूरिंग या दोन साधनप्रकारांतील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना

यांत्रिक पाळण्याची मदत न घेता स्कीवरूनच डोंगर चढणे व उतरणे म्हणजे स्की-टूरिंग होय. चढताना पावलाची टाच मोकळी असावी लागते. स्कीच्या तळाला एक लवदार पट्टी चिकटविली जाते. तिचे केस एकाच दिशेने झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत. आता त्या नायलॉन किंवा अंगोरा शेळीच्या केसांपासून करतात. येथवर दोन्ही प्रकार समान आहेत. भेद सुरू होतो तो माथ्यावर. अल्पाइन टूरिंगमध्ये उतरण्यापूर्वी टाच स्कीला जखडली जाते. टेलिमार्कमध्ये ती उतरतानाही मोकळीच राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

टेलिमार्क हे नॉर्वेतील एका प्रांताचे नाव. त्या प्रांतातील मॉर्गेडाल येथील सोंद्रे नॉरहेम (१८२५–१८९७) याने टाचेमागून जाणारा वळलेल्या मुळांचा बंध वापरून स्कीवर ताबा मिळविला. १८६८ मध्ये आजच्या ओस्लो येथील स्पर्धेत त्याचे कौशल्य सर्वांच्या नजरेत भरले. आल्प्स पर्वताचे उतार मात्र अधिक तीव्र होते. तेथे टाच खाली धरून ठेवण्याची गरज भासली. १९३० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील गुइडो रॉइगे यांची ‘कांदाहार’ तारेची बाइंडिंग प्रचारात आली. तिची तार बाजूच्या आकड्यांत अडकविली की टाच खाली राही व काढली की मोकळी होई. पुढे टाच कायम जखडण्याचीच पद्धत रूढ झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोराडो राज्यात टेलिमार्कचे पुनरुज्जीवन झाले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी बुटाचे टोक दोन खुंट्यांमध्ये धरणारी हलकी बाइंडिंग तयार केली आणि अल्पाइन टूरिंगचे वजन एकदम घटले.

शारीरिक दृष्टीने तुलना

टेलिमार्कचे वळण समजून घेण्यास खो-खोचे उदाहरण उपयुक्त ठरते. चौकोनात बसलेला खेळाडू एक पाऊल मागे घेऊन टाच उचलून बसतो. टेलिमार्कमध्ये जवळजवळ हीच बैठक चालत्या स्कीवर, प्रत्येक वळणाला पाय बदलून घ्यावी लागते. त्यामुळे मांडीच्या स्नायूंवर सततचा भार पडतो व तोल सांभाळण्याचे कौशल्य दीर्घ सरावानेच येते. सौम्य चढउतारांच्या लांब वाटेवर ही मोकळीक सुखाची असते. त्या हालचालीतील लय हेच अनेकांच्या दृष्टीने तिचे खरे आकर्षण आहे. याउलट टाच जखडली की कठीण झालेल्या बर्फावर स्कीची कड अधिक खात्रीने रोवता येते. थकलेला स्कीपटूही तुलनेने कमी श्रमात सुखरूप उतरू शकतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

पडताना स्की पावलाला अडकून राहिली तर लांब तरफेप्रमाणे ती गुडघ्याला पीळ देते. कबड्डीपटूंना परिचित असलेली गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा येथेही संभवते. अल्पाइन टूरिंगच्या बहुतेक बाइंडिंग ठरावीक जोर पडताच पाऊल सोडतात. हा जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य पाहून जुळविला जातो. पारंपरिक ७५ मिलिमीटर टेलिमार्क बाइंडिंगमध्ये अशी सोय सहसा नसते. २००७ मध्ये आलेल्या नव्या टेलिमार्क प्रणालीमुळे सुधारणा झाली. तथापि सुटण्याची सोय प्रत्येक नमुन्यात आहे असे गृहीत धरू नये. हिमस्खलनात पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते, हेही ध्यानात ठेवावे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवाट उतारावरील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. कोणतीही बाइंडिंग हे संकट टाळत नाही. शोधयंत्र, शोधकाठी, फावडे व जाणकार सोबती ही साधने दोन्ही प्रकारांत अनिवार्यच आहेत.

निष्कर्ष

दोन्ही पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नसून प्रयोजनाचा भेद आहे. ज्याच्याजवळ सरावासाठी अनेक हिवाळे आहेत व ज्याला हालचालीचा आनंद हेच साध्य वाटते, त्याने टेलिमार्क अवश्य स्वीकारावे. सपाट प्रदेशातून वर्षाकाठी मोजके दिवस बर्फावर जाणाऱ्यास मात्र अल्पाइन टूरिंग अधिक हितावह ठरते. प्राथमिक अभ्यासक्रमांत टाच जखडूनच शिकविले जाते, त्यामुळे शिकलेले तंत्र वाया जात नाही. म्हणून प्रथम अभ्यासक्रम पूर्ण करावा, नंतर भाड्याची साधने वापरून पाहावीत आणि मगच खरेदी करावी. खरेदीतही पायाला नेमका बसणारा बूट आधी व स्की नंतर, हा क्रम पाळावा. मार्गदर्शक शिक्षकाने विद्यार्थ्याला ‘कोणते साधन चांगले?’ असे न विचारता ‘बर्फावर किती दिवस मिळणार?’ असे विचारावे. योग्य निवड बहुधा त्याच उत्तरातून सापडेल.