निबंधाचे साहाय्य कोठवर?
ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याने आठवडाभर ग्रंथालयात खपून सिद्ध केलेला निबंध अध्यापकांपुढे ठेवावा, आणि त्यांनी ‘हे विधान कशाच्या आधारे?’ एवढेच विचारून त्याला पुन्हा मूळ ग्रंथांकडे धाडावे, हे माझ्या मते साहाय्याचे सर्वांत निर्मळ रूप होय. विवेचनात्मक निबंधात पक्ष-प्रतिपक्षाची छाननी, तुलनात्मक निबंधात समान निकष, चिंतनपर निबंधात स्वानुभव हवा; तेव्हा सल्लाही प्रकारानुरूप बदलणारच. भाषेची डागडुजी खुशाल कोणाकडूनही करून घ्यावी. परंतु पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे निबंध लिहून देण्याचा राजरोस धंदा इंग्लंडने २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरविला. दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबाबत आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या वर, ४० टक्क्यांपर्यंत आढळल्यास सुधारित मसुदा मुदतीत, फार तर ६ महिन्यांत, दाखल करावा लागतो.