विंडोजवर पर्लचे विस्तार-मॉड्यूल बांधताना उद्भवणाऱ्या कंपायलर त्रुटी : कारणे व निराकरण

प्रस्तावना :
लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेची काही मॉड्यूल्स अंशतः सी भाषेत लिहिलेली असून ती वापरकर्त्याच्या संगणकावर कंपाइल करावी लागतात. विंडोजसोबत सी कंपायलर येत नाही. त्यामुळे अनेक अभ्यासक याच टप्प्यावर अडखळतात व मॉड्यूलच सदोष आहे असे समजून काम सोडून देतात. प्रस्तुत लेखात या त्रुटींच्या निराकरणाचा क्रम मांडला आहे.

बांधणीची प्रक्रिया :
'मेकफाइल.पीएल' चालविली असता पर्ल स्वतःच्या बांधणीच्या नोंदींवरून मेकफाइल तयार करते. त्यानंतर एक्सएस फाइलचे सीमध्ये रूपांतर, कंपाइल व लिंकिंग होऊन डीएलएल तयार होते. म्हणजेच ज्या कंपायलरने पर्ल बांधली गेली, त्याच्याच आज्ञा मेकफाइलमध्ये उतरतात. म्हणून सर्वप्रथम 'पर्ल -व्ही:सीसी' व 'पर्ल -व्ही:मेक' या आज्ञा द्याव्यात. उत्तर 'सीएल' आल्यास व्हिज्युअल सी++ आणि 'जीसीसी' आल्यास मिंगडब्ल्यू आवश्यक आहे.

त्रुटींचे प्रकार :
१) आज्ञा ओळखता न येणे : कंपायलर बसविलेला नाही किंवा त्याचा मार्ग 'पाथ'मध्ये नाही. व्हिज्युअल सी++साठी त्याचीच कमांड विंडो उघडावी.
२) सी१०८३ : हेडर फाइल सापडत नाही. मॉड्यूल ज्या बाह्य लायब्ररीवर अवलंबून आहे, तिच्या हेडर फाइल्स बसवून त्यांचा मार्ग द्यावा.
३) एलएनके२०१९ : हेडर सापडले, परंतु लायब्ररी जोडली गेली नाही. ३२ व ६४ बिटांची सरमिसळ झाल्यासही असे घडते.
४) सी२१४३ : वाक्यरचनेची त्रुटी. २०१३ पूर्वीच्या व्हिज्युअल सी++मध्ये सी फाइलमधील चल ब्लॉकच्या आरंभीच घोषित करावे लागत. येथे मात्र मूळ कोडमध्येच बदल करावा लागतो.

एक सावधगिरी :
व्हिज्युअल सी++ ६ 'एमएसव्हीसीआरटी' ही रनटाइम लायब्ररी वापरते, तर २००५ची आवृत्ती 'एमएसव्हीसीआर८०'. एकीने घेतलेली स्मृती दुसरीने मुक्त केल्यास प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणून बांधणी निर्विघ्न झाली तरी मॉड्यूलच्या चाचण्या चालविल्याशिवाय ते बसवू नये.

समारोप :
एका चुकीतून पुढील अनेक संदेश उद्भवतात. म्हणून शेवटचा नव्हे, तर पहिला संदेश वाचावा. नवीन अभ्यासकाने स्ट्रॉबेरी पर्ल वापरणे श्रेयस्कर ठरते, कारण तिच्यासोबत जुळणारा कंपायलर व मेक दोन्ही मिळतात. कोडला हात लावण्यापूर्वी साधनांचा मेळ तपासणे, हेच या विवेचनाचे सार होय.