तांबड्या पोटाचा बेडूक

मध्य व पूर्व युरोपांतील सपाट प्रदेशांत, उन्हानें तापणाऱ्या उथळ डबक्यांतून वसंत ऋतूंत “उंक, उंक” असा मंद, खिन्न स्वर ऐकूं येतो. तो काढणारा बेडूक अवघा ४-५ सेंटिमीटर लांबीचा असतो. १७६१ सालीं लिनीअसनें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें.

वरून पाहिल्यास तो चिखलासारखा करडा दिसतो. पोट मात्र काळें असून त्यावर नारिंगी-तांबडे डाग व पांढरे ठिपके असतात. हा रंग निव्वळ शोभेचा नव्हे. शत्रूनें गांठलें, कीं तो पाठ धनुष्यासारखी वांकवितो, हातपाय वर उचलतो आणि तांबडा रंग दाखवितो. त्याच्या कातडींतून दाहक विष स्रवतें; रंग हा त्या विषाचा इशारा होय.

इतर अनेक बेडकांप्रमाणें त्याला जीभ बाहेर फेकतां येत नाहीं. म्हणून तो झेप घेऊन कीटक तोंडानेंच धरतो. मादी पाणवनस्पतींवर अंड्यांचे लहान पुंजके चिकटविते. डबक्यांत मासे सोडले, तर ते हीं अंडीं व पिल्लें फस्त करतात. त्याहून मोठें संकट शेतीसाठीं डबकींच बुजविण्याचें.

जर्मन भाषेंत या बेडकाच्या नांवावरून ‘अशुभ भाकीत करणें’ या अर्थाचें क्रियापद रूढ झालें. तें भाकीत त्याच्यावरच उलटलें! परंतु श्रोत्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें, कीं विसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्यें जुनीं डबकीं उपसून व नवीं खणून दिल्यावर कांहीं ठिकाणीं त्याची संख्या पुन्हां वाढली. ज्याला एक उथळ डबकें पुरतें, त्याला तेवढेंही उरूं न देणें हा न्याय नव्हे.