विमानाची छत्री

सैनिक हवाईछत्री घेऊन विमानातून उड्या मारतात हे तुम्ही सिनेमात बघितलं असेल. पण अख्खं विमानच छत्रीला लटकून खाली येतंय, आतली माणसं आपापल्या खुर्च्यांवर बसलेली आहेत, असं कधी बघितलंय? गंमत नाही, खरंच! अशी छत्री बसवलेली हजारो छोटी विमानं आज जगात उडतात. ती कुणा बड्या कारखान्याने बनवली नाही. बनवली एका चिमुकल्या कंपनीने, आणि ऐन अडचणीच्या वेळी तिच्या मदतीला सरकारची एक योजना आली.

चारशे फुटांवरून तळ्यात

१९७५ साल. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बोरिस पोपोव्ह नावाचा तरुण हँग ग्लायडरवर उडत होता. हँग ग्लायडर म्हणजे कापडी पंखाखाली लोंबकळत उडायचं साधन. अचानक त्याचा पंखच मोडला. उंची होती सुमारे चारशे फूट, म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढी! खाली तळं होतं. पोपोव्ह पाण्यात आदळला, जखमी झाला, पण नशिबाने वाचला.

पडताना आपल्याला काहीच करता आलं नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. जवळ छत्री असती तर? १९८० मध्ये त्याने एक छोटी कंपनी काढली. नाव बॅलिस्टिक रिकव्हरी सिस्टिम्स. लोक तिला बीआरएस म्हणू लागले. आधी हँग ग्लायडर आणि मोटर बसवलेल्या हलक्या विमानांसाठी तिने छत्र्या बनवल्या. १९८३ मध्ये अशा छत्रीने पहिल्यांदा एका माणसाचा जीव वाचवला.

अग्निबाण कशाला?

पडणाऱ्या विमानाकडे वेळ अगदी थोडा असतो. छत्री हाताने बाहेर फेकून ती आपोआप उघडेल याची वाट बघत बसलं, तर जमीनच आधी यायची. शिवाय विमान गिरक्या घेत असेल तर छत्री शेपटीत गुरफटण्याची भीती. म्हणून छत्रीच्या घडीला एक छोटासा अग्निबाण जोडतात. वैमानिकाने मूठ ओढली की अग्निबाण सुटतो आणि छत्रीला खेचत विमानापासून लांब नेतो. आपल्या दिवाळीतल्या बाणाच्या शेपटीला घडी केलेलं कापड बांधावं, तसंच काहीसं.

पण यात एक मोठी मेख होती. जोरात पळणाऱ्या विमानामागे छत्री एकदम फाडकन उघडली, तर बसणाऱ्या हिसक्याने कापड फाटेल नाहीतर दोऱ्या तुटतील. मग काय केलं? छत्रीच्या सगळ्या दोऱ्या एका सरकत्या कड्यातून ओवल्या. सुरुवातीला हे कडं वर, कापडापाशी असतं. त्यामुळे छत्री मिटल्यासारखीच राहते. विमानाचा वेग कमी होतो तसतशी छत्री फुगते, कड्याला खाली ढकलते आणि सावकाश पूर्ण उघडते.

पैसे कोण देणार?

हलक्या विमानांचं जमलं. पण चार माणसं बसतील अशा, जास्त वेगाच्या विमानाचं काय? त्याला मोठी छत्री हवी, तरीही ती वजनाला हलकी हवी. म्हणजे नवीन कापड, नवीन अग्निबाण आणि चाचण्यांवर चाचण्या. छोट्या कंपनीने एवढा पैसा आणायचा कुठून? बँक विचारते, तारण काय ठेवता? नुसत्या कल्पनेवर कर्ज कोण देणार?

अशाच छोट्या कंपन्यांसाठी अमेरिकेने १९८२ मध्ये एक कायदा केला होता. मोठं संशोधन करवून घेणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा, असा तो कायदा. छोटी म्हणजे किती? तर जास्तीत जास्त पाचशे माणसं कामाला असलेली. अवकाश संशोधन करणारी नासा त्यात आली, तसंच रस्ते-रेल्वे बघणारं वाहतूक खातंही आलं.

ही योजना म्हणजे तीन पायऱ्यांची परीक्षाच होती. पहिल्या पायरीवर सहाएक महिन्यांत दाखवायचं की कल्पना जमण्यासारखी आहे. त्यासाठी थोडे पैसे. १९९२ नंतर ते एक लाख डॉलरपर्यंत मिळत. पास झालात तर दुसरी पायरी. दोन वर्षांत वस्तू प्रत्यक्ष बनवून दाखवायची, त्यासाठी साडेसात लाख डॉलरपर्यंत. तिसऱ्या पायरीवर मात्र या योजनेचा पैसा बंद! आता वस्तू बाजारात विका आणि स्वतःच्या पायावर उभे राहा. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे हे पैसे कर्ज नव्हते. प्रयोग फसला तरी डोक्यावर बोजा राहत नसे.

व्हर्जिनिया राज्यातल्या नासाच्या लँगली संशोधन केंद्राने बीआरएसला या योजनेतून मदत केली. मोठ्या विमानाच्या छत्रीचं काम पुढे सरकलं.

दोन भाऊ आणि एक धाडसी वैमानिक

इकडे ॲलन आणि डेल क्लॅपमायर या भावांनी १९८४ मध्ये सिरस नावाची विमान कंपनी काढली होती. १९८५ मध्ये ॲलनच्या विमानाची हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. पंख मोडलेलं विमान त्याने कसंबसं उतरवलं, पण दुसरा वैमानिक दगावला. तेव्हापासून या भावांना वाटे, आपल्या विमानात काहीतरी शेवटचा उपाय असलाच पाहिजे. त्यांनी बीआरएसशी हातमिळवणी केली.

१९९८ मध्ये स्कॉट अँडरसन या चाचणी वैमानिकाने सिरसचं विमान आकाशात नेलं आणि मुद्दाम छत्री उघडून बघितली. त्याच वर्षी सिरस एसआर-२० या विमानाला सरकारी परवाना मिळाला. प्रत्येक विमानात कारखान्यातूनच छत्री!

पण पुढच्याच वर्षी, मार्च १९९९ मध्ये, अँडरसन एका नव्या विमानाची चाचणी घेत होता. पंखाची हलती फळी अडकली आणि विमान कोसळलं. अँडरसन गेला. त्या एका विमानात छत्री अजून बसवलेलीच नव्हती.

ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सास राज्यात एका सिरस विमानाच्या पंखाची फळी हवेत निखळली. वैमानिकाने मूठ ओढली. विमान छत्रीला लटकत झुडपांत उतरलं आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला!

मूठ ओढायची कधी?

इतकं असूनही सुरुवातीची काही वर्षं सिरसचे अपघात कमी होईनात. का बरं? तर 'बघू, मी सावरतो' असं म्हणत वैमानिक मूठच ओढत नसत, किंवा फार उशिरा ओढत. मग शिकवण्याची पद्धतच बदलली. संकट आलं की आधी छत्रीचा विचार करा, असं शिकवू लागले. २०१४ मध्ये तर प्राणघातक अपघात कमी आणि छत्री उघडण्याच्या घटना जास्त, असं झालं. बीआरएसच्या छत्र्यांनी आतापर्यंत चारशेहून अधिक जीव वाचवले आहेत.

मग जंबो विमानाला छत्री का नाही?

हिशेब करून बघा हं! सिरसचं वजन साधारण दीड टन. त्याची छत्री पंचावन्न फूट रुंद, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांएवढी. तिला लटकून विमान ज्या वेगाने टेकतं, तो धक्का बारा फुटांवरून पडल्यासारखा असतो. चाकं आणि खास बनावटीच्या खुर्च्या तो झेलतात. आता सत्तर टनी विमान घ्या. त्याला लागेल जवळजवळ अडीच एकरांची छत्री! ती ठेवायची कुठे? त्यात त्याचा वेगही कितीतरी जास्त.

करून पाहा

दोन सारखे रुमाल घ्या. प्रत्येकाच्या चार टोकांना दोरे बांधून खाली एकेक खोडरबर बांधा. एका छत्रीचे दोरे पोस्टकार्डाच्या छोट्या तुकड्याला पाडलेल्या चार भोकांतून ओवा. भोकं मोठी ठेवा, म्हणजे तुकडा सहज सरकेल. तो वर रुमालापर्यंत सरकवा. आता दोन्ही छत्र्या गॅलरीतून एकदम सोडा. मात्र खाली कोणी नाही ना, हे आधी बघा आणि कठड्यावर वाकू नका. कोणती छत्री आधी उघडली? कार्डाचा तुकडा किती खाली सरकला? तुकडा लहान-मोठा केला तर काय फरक पडतो, तेही वहीत लिहून ठेवा.